हवा आत की बाहेर? : इंजिनाच्या फुसफुशीचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास

गाडी घाटाला लागते, चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि बॉनेटखालून 'सूंऽऽ' असा किंवा 'फुस्स' असा आवाज यायला लागतो. पाय काढला की आवाज थांबतो, पुन्हा दाबला की पुन्हा सुरू. गाडी बंद पडत नाही, पण तिचा पिकअप गेलेला असतो. पूर्वी तिसऱ्या गिअरवर चढणारा चढ आता दुसऱ्यावर घ्यावा लागतो. गॅरेजमध्ये नेल्यावर जाणता मिस्त्री पोऱ्याला गाडी रेस करायला सांगतो, स्वतः वाकून कान देतो आणि एखाद्या वेळी अर्ध्या मिनिटात एका रबरी नळीवर बोट ठेवतो. एखाद्या वेळी मात्र दोन दिवस शोधूनही त्याला काही सापडत नाही.

या आवाजाकडे आपण बिघाड म्हणून पाहतो. तो दुरुस्त झाला की विसरून जातो. परंतु इंजिनाचा इतिहास थोडा मागे जाऊन तपासला तर असे दिसते, की ही फुसफुस इंजिनाइतकीच जुनी आहे. नेमके बोलायचे तर पहिल्या यशस्वी इंजिनाच्याही सुमारे साठ वर्षे आधीची आहे. इंजिन म्हणजे कोंडलेल्या हवेचे किंवा वाफेचे काम. जिथे कोंडणे आले तिथे गळती आली, आणि जिथे गळती आली तिथे आवाज आला. इंजिन बनवणाऱ्यांनी आणि सांभाळणाऱ्यांनी या आवाजाशी कसा व्यवहार केला, त्यातून काय शिकले आणि ते शिकणे कोणाच्या नावावर लागले, हे पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

माग्देबुर्गचे पिंप

जर्मनीतले माग्देबुर्ग हे शहर १६३१ साली तीस वर्षांच्या युद्धात बेचिराख झाले. त्याच्या पुनर्बांधणीत अभियंता म्हणून राबलेला आणि पुढे शहराचा महापौर झालेला ओटो फॉन गेरिके याला एका प्रश्नाने पछाडले होते. पूर्ण रिकामी जागा, म्हणजे निर्वात पोकळी, करता येते का? इटलीत टॉरिचेलीने १६४० च्या दशकात पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून हवेला वजन असते हे दाखवले होते. गेरिकेने वेगळी वाट धरली. त्याने लाकडी पिंप पाण्याने काठोकाठ भरले, सगळ्या फटी बुजवल्या आणि तळाला पितळी पंप लावून धडधाकट माणसांकरवी पाणी ओढून काढायला सुरुवात केली. पाणी निघाले की मागे उरेल ती पोकळी, असा साधा हिशेब होता.

पाणी निघू लागले आणि पिंपातून जोरात उकळी फुटल्यासारखा आवाज येऊ लागला. बाहेरची हवा लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून आत घुसत होती. मग त्याने लहान पिंप मोठ्या पिंपात ठेवले, दोन्हींत पाणी भरले आणि आतल्या पिंपातले पाणी काढले. दिवसा काही जाणवले नाही. रात्र पडू लागली, सगळे शांत झाले, तेव्हा आतून पाखराच्या किलबिलीसारखा आवाज ऐकू आला. तो तीन दिवस चालू होता. पिंप उघडले तेव्हा आत हवा आणि पाणी दोन्ही शिरलेले होते.

हा तपशील गेरिकेने स्वतः १६७२ साली छापलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात नोंदवला आहे. शाळेच्या पुस्तकात आपण त्याचे नाव वाचतो ते दोन अर्धगोल आणि त्यांना ओढणाऱ्या घोड्यांमुळे. त्या दिमाखदार प्रयोगापेक्षा मला हे गळके पिंप महत्त्वाचे वाटते. दोष डोळ्यांना दिसत नव्हता, तो आधी कानाला कळला. तोही परिसर शांत झाल्यावर. आवाजावरून त्याने निष्कर्ष काढला, की लाकूड या कामाचे नाही, धातू हवा. पुढचा तांब्याचा गोळा मोठा आवाज करून आत चेपला गेला, कारण तो पुरेसा गोल नव्हता. त्यानंतरचा गोळा टिकला. गळती ऐकायची, तिचे कारण ओळखायचे, सामग्री बदलायची आणि पुन्हा ऐकायचे, ही गॅरेजमधली पद्धत आपल्याला इथे प्रथम लेखी स्वरूपात सापडते.

सर्दी झालेले इंजिन

१७१२ साली इंग्लंडमध्ये डडली किल्ल्याजवळच्या कोळशाच्या खाणीवर थॉमस न्यूकोमेनने पाणी उपसणारे इंजिन उभे केले. न्यूकोमेन डार्टमाउथचा लोखंडी सामानाचा व्यापारी होता आणि बाप्टिस्ट पंथाचा उपदेशक. त्याच्या इंजिनाचा सिलिंडर २१ इंच व्यासाचा होता. मिनिटाला साधारण बारा हेलकावे घेत ते प्रत्येक हेलकाव्याला दहा गॅलन पाणी १५३ फुटांवरून वर आणत असे. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग थंड पाण्याचा फवारा मारून ती विझवायची. आत पोकळी झाली की बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकलतो. काम करणारी खरी शक्ती वाफेची नव्हती, वातावरणाची होती. गेरिकेने जी पोकळी कुतूहलापोटी केली, ती न्यूकोमेनने कामाला जुंपली.

या इंजिनातली सर्वांत मोलाची कल्पना, म्हणजे सिलिंडरच्या आतच फवारा मारण्याची, गळतीतूनच सुचली अशी परंपरा आहे. मार्टेन ट्रीवाल्ड या स्वीडिश अभियंत्याने १७३४ साली लिहिलेल्या वृत्तान्तानुसार, सिलिंडरमधला एक दोष डाख देऊन बुजवला होता. तो डाख वितळला, बाहेरचे थंड पाणी आत घुसले आणि वाफ क्षणात विझून दट्ट्या इतक्या जोराने खाली आला की साखळी तुटली. देसाग्युलिए या लेखकाने सांगितलेल्या हकिकतीत भोक दट्ट्यात होते. तपशिलात फरक आहे, पण नको त्या जागेतून नको ते आत आले आणि तेच नेमके हवे होते, यावर दोघांचे एकमत आहे.

दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामधली फट बुजवण्यासाठी न्यूकोमेन कातड्याची चकती वापरत असे आणि तिच्यावर पाण्याचा थर ठेवत असे. गळती झालीच तर हवेऐवजी थोडे पाणी आत जाईल, अशी ती युक्ती होती. तरीही एक अडचण राहिली. पाण्यात आणि वाफेत मिसळलेली हवा हळूहळू सिलिंडरमध्ये साचते आणि थोड्या वेळाने इंजिन गुदमरून थांबते. म्हणून खाली एक लहान झडप बसवली. नवी वाफ आत आली की साचलेली हवा त्या झडपेतून बाहेर फेकली जाई. तिचा आवाज सर्दी झालेल्या माणसाने नाक ओढावे तसा येई, म्हणून कामगारांनी तिला 'स्निफ्टिंग व्हॉल्व्ह' हे नाव दिले. आपण तिला 'सुरसुरती झडप' म्हणू.

या झडपेने फुसफुशीचा अर्थ बदलला. गेरिकेसाठी आवाज म्हणजे बिघाड होता. न्यूकोमेनच्या इंजिनवाल्यासाठी मात्र प्रत्येक फेरीला येणारी सुरसुर म्हणजे इंजिन ठीक असल्याची खूण होती. ती थांबली तर काळजी. तेव्हापासून इंजिनाजवळ उभ्या असलेल्या माणसाला 'आवाज येतो का' एवढे विचारून भागेनासे झाले. आवाज कधी येतो, किती वेळ येतो आणि हवा आत जाते आहे की बाहेर पडते आहे, हे त्याला विचारावे लागले.

शिलिंगभर जाडीची फट

जेम्स वॉटचे नाव घेतले की वेगळ्या कंडेन्सरची कल्पना आठवते. ती त्याला १७६५ साली सुचली आणि १७६९ साली तिचे पेटंट मिळाले. पण त्यानंतर पाच-सहा वर्षे तिचे चालते मोठे इंजिन होऊ शकले नाही. अडचण गळतीचीच होती. दट्ट्यावर पाण्याचा थर ठेवण्याची न्यूकोमेनची युक्ती वॉटला चालणारी नव्हती, कारण त्याला सिलिंडर गरम ठेवायचा होता. त्याने तेलात भिजवलेल्या चिंध्या, कागदाचा लगदा, नमद्याचे तुकडे असे नाना प्रकार भरून पाहिले. सिलिंडरच गोल नसेल तर भरण किती दिवस टिकणार?

तोड निघाली ती लोखंडाच्या कारखानदाराकडे. जॉन विल्किन्सनने १७७४ साली तोफांच्या नळ्या कोरण्याच्या नव्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. तसेच यंत्र त्याने सिलिंडरसाठी बनवले. पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये कुठेही जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीपेक्षा जास्त फरक नाही, असे वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने १७७६ साली कौतुकाने कळवले. आजच्या मापाने ही फट प्रचंड आहे. त्या काळी मात्र ती इतकी लहान होती की वॉटचे इंजिन कल्पनेतून बाहेर येऊन खाणीवर उभे राहिले.

याच वॉटचा आवाजाविषयीचा एक अनुभव मार्मिक आहे. १७७७ साली कॉर्नवॉलमधल्या एका खाणीवर त्याचे इंजिन सुरू झाले, तेव्हा त्याच्या धडाडत्या आवाजावर बघे खूश झाले. वॉटने एक-दोनदा इंजिन जुळवून त्याचा आवाज कमी केला, तर तिथल्या माणसाला ते पसंत पडेना. इंजिन गरजत नसेल तर त्याला झोप लागत नसे. अजाण माणसाला आवाज हीच शक्ती वाटते, माणसाचा असो वा इंजिनाचा, नम्र गुण कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, अशा अर्थाची टिप्पणी वॉटने पत्रात केली आहे. सायलेन्सर काढून बुलेट फिरवणाऱ्यांच्या काळात ही टिप्पणी जुनी वाटत नाही.

वॉटने कानावर मात्र सगळे सोडले नाही. सिलिंडरमधला दाब दाखवणारे लहान मापक त्याने बनवले आणि १७९६ साली त्याचा सहकारी जॉन सदर्न याने त्याला सरकती पाटी जोडली. पेन्सिल त्या पाटीवर दाबाची आकृती काढू लागली. कुठली झडप उशिरा उघडते, गळती कुठे आहे, हे आकृतीच्या वळणावरून कळे. हे उपकरण बरीच वर्षे धंद्याचे गुपित म्हणून ठेवले गेले. आज मिस्त्री जो स्कॅनर लावतो, त्याचा हा पूर्वज मानायला हरकत नाही.

बाहेर पडणारी वाफ

इथपर्यंत गळती म्हणजे बाहेरची हवा आत शिरणे. रिचर्ड ट्रेव्हिथिकने दिशा उलटी केली. त्याने पोकळीवर विसंबणे सोडून जास्त दाबाची वाफ वापरली आणि १८०४ साली वेल्समध्ये रुळांवर इंजिन चालवून दाखवले. आता आतला दाब बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक होता. फट पडली तर वाफ बाहेर पडणार आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर बॉयलर फुटणार. १८०३ साली ग्रिनिच येथे त्याच्या एका इंजिनाचा बॉयलर फुटून चार माणसे दगावली. नेमून दिलेला मुलगा जागेवर नव्हता आणि सुरक्षा झडप मोकळी न करताच इंजिन थांबवले गेले होते. त्यानंतर ट्रेव्हिथिकने बॉयलरला दोन सुरक्षा झडपा आणि जास्त उष्णतेने वितळणारी शिशाची गुडदी बसवायला सुरुवात केली.

म्हणजे फुसफुशीला आता चौथा अर्थ मिळाला. गेरिकेची फुसफुस दोष सांगत होती, न्यूकोमेनची आरोग्य, वॉटची अपव्यय. ट्रेव्हिथिकच्या बॉयलरवर मात्र फुसफुस जीव वाचवत होती आणि तिथली शांतता धोक्याची होती.

मुंबईच्या कानांना

मुंबईने वाफेचे इंजिन आगगाडीच्या बरेच आधी ऐकले होते. जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध असलेल्या वाडिया घराण्यातल्या अर्देशीर कर्सेटजी यांनी १८३० च्या दशकात स्वतःच्या हाताने एक अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन बनवले. १८३४ साली त्यांनी माझगावच्या आपल्या घरी गॅसचे दिवे लावले. १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. त्याच सुमारास मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंतेपद त्यांच्याकडे आले आणि युरोपीय कामगार त्यांच्या हाताखाली काम करू लागले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा या शहरात वाफ आणि झडप जाणणारी एक पिढी तयार होती.

परंतु आपल्यापैकी बहुतेकांनी फुसफुशीचा खरा अर्थ शिकला तो इंजिनाजवळ नव्हे, डब्यात बसून. विसाव्या शतकात बहुतेक काळ आपल्या गाड्यांना निर्वात ब्रेक होते. इंजिनापासून गार्डच्या डब्यापर्यंत एक नळी जाई आणि तिच्यातली हवा सतत ओढून घेतलेली असे. पाऱ्याच्या मापाने सुमारे वीस इंचांची पोकळी. नळीत पोकळी असेपर्यंत ब्रेक सुटलेले, हवा शिरली की ब्रेक लागलेले. कुणी साखळी ओढली की त्या डब्याच्या टोकाची लहान झडप उघडे आणि बाहेरची हवा आत शिरू लागे. गाडी थांबल्यावर गार्ड रुळांच्या कडेने चालत येई तो त्या आवाजाचा माग काढत. कोणत्या डब्यात साखळी ओढली हे सांगायला ती फुसफुस पुरेशी होती.

ही रचना मुळातच शहाणपणाची होती. नळी तुटली, डबे सुटले, जोड निखळला, तर हवा आपोआप शिरे आणि गाडी थांबे. १९८० च्या दशकापासून दाबाच्या हवेचे ब्रेक येत गेले आणि दिशा पुन्हा उलटली. आता नळीतली हवा बाहेर पडली की ब्रेक लागतात. फलाटावर उभ्या माणसाला दोन्ही आवाज सारखेच वाटले असतील. लोकोशेडमधल्या फिटरला तो फरक पोटापाण्याचा होता.

कान कोणाचा?

ऐकून आतले जाणण्याची विद्या आपण डॉक्टरांशी जोडतो. रने लेनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ साली कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावली, त्यातून स्टेथोस्कोप आला आणि १८१९ साली त्याचा ग्रंथ. पण कल्पना त्याआधीची होती आणि ती यंत्रावरून सुचलेली होती. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचे लेखन त्याच्या मृत्यूनंतर १७०५ साली छापले गेले. त्यात त्याने असा विचार मांडला होता, की घड्याळाची टिकटिक ऐकून जशी आतल्या चाकांची चाल कळते, तशी एक दिवस शरीराच्या आतल्या अवयवांची कामे त्यांच्या आवाजावरून कळतील. म्हणजे वैद्याच्या कानाला घड्याळजीच्या कानाचा आदर्श होता. पुढे उलटे झाले. मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाशी धरून इंजिन ऐकू लागला, की आपण कौतुकाने त्याला 'गाडीचा डॉक्टर' म्हणतो. मुळात डॉक्टर हा शरीराचा मिस्त्री होता.

स्टेफान क्रेब्स या अभ्यासकाने दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या जर्मनीत मोटारींचे आवाज कोण ऐकत असे, याचा मागोवा घेतला आहे. आधीच्या वर्षांत मोटार बाळगणाऱ्या प्रत्येकाने आपल्या इंजिनाचा आवाज ओळखायला शिकावे असे त्याला सांगितले जाई. १९३० च्या दशकात मिस्त्रीकाम हा रीतसर परवान्याचा धंदा झाला, तेव्हा आवाजावरून निदान करणे हे तज्ज्ञाचे काम ठरले. मालकाने तक्रार सांगावी, निदान करू नये. ऐकणे सगळ्यांनाच येत होते. कोणाच्या ऐकण्याला ज्ञान म्हणायचे, हे मात्र समाजाने ठरवले.

आपल्याकडे हा निवाडा वेगळा झाला. इथे मालकाचा कान गेला आणि मिस्त्रीच्या कानाला प्रतिष्ठा मिळाली नाही. 'त्याच्या हाताला गुण आहे' असे आपण म्हणतो. त्याला विद्या आहे असे म्हणत नाही.

घाटातला आवाज

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येणारी फुसफुस ओळखताना वर सांगितलेला इतिहास कामाला येतो, कारण आजच्या गाडीत त्याचे सगळे टप्पे एकत्र नांदत असतात.

साध्या पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. पाय उचललेला असताना ती जवळजवळ मिटलेली असते आणि दट्ट्ये हवा ओढत असतात. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. निरोगी इंजिनात ती समुद्रसपाटीला पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांपर्यंत भरते, म्हणजे जवळपास जुन्या आगगाडीच्या ब्रेकइतकीच. दर हजार फुटांना ती साधारण एक इंचाने उतरते; मुंबईत चांगला दिसणारा आकडा पुण्यात दोन इंचांनी कमी दिसला तर तो बिघाड नव्हे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की झडप उघडते आणि ही पोकळी नाहीशी होत जाते. जुन्या अमेरिकी गाड्यांचे वायपर या पोकळीवर चालत. पावसात चढावर जोर दिला की ते मंदावत, पाय काढला की पुन्हा सपासप चालू लागत.

यावरून पहिला नियम निघतो. पोकळीच्या नळीला चीर असेल तर फुसफुस गाडी जागेवर उभी असताना सर्वांत मोठी असते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर कमी होते. सोबत इंजिन अडखळते, कारण न मोजलेली हवा आत शिरून पेट्रोलचे प्रमाण कमी पडते. ब्रेक दाबल्यावर पायापाशी फुसफुस येत असेल आणि इंजिनाचा ठेका बदलत असेल, तर ब्रेकच्या बूस्टरचा पडदा फाटला असण्याची शंका घ्यावी. ते काम पुढे ढकलू नये.

दाबल्यावर वाढणारा आवाज याच्या उलट गोष्ट सांगतो. तिथे हवा किंवा धूर बाहेर पडत असतो. यात दोन मुख्य शक्यता आहेत. पहिली धुराड्याच्या बाजूची. हेड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यामधले गॅस्केट जळाले की जोर दिल्यावर फस्-फस् किंवा टक्-टक् असा आवाज येतो. सकाळी थंड इंजिनात तो मोठा असतो. धातू तापून फुगला की कमी होतो. जोडाभोवती काजळीचा काळा ओघळ दिसतो. इथे नवे गॅस्केट घालण्याआधी दोन्ही पृष्ठभाग सपाट आहेत का ते पाहावे लागते, नाहीतर चार महिन्यांत तेच काम पुन्हा निघते. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, आणि काचा बंद असलेल्या गाडीत तो शिरला तर जिवावर बेतते.

दुसरी शक्यता टर्बोची. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याने १९०५ साली पेटंट घेतले, ते वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबण्याचे. १९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांवर ही युक्ती लावल्यावर त्यांची शक्ती १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. अमेरिकेत सॅनफर्ड मॉसने १९१८ साली पाइक्स पीक या चौदा हजार फुटी डोंगरावर विमानाचे इंजिन नेऊन दाखवले, की टर्बो लावला तर विरळ हवेतही इंजिन समुद्रसपाटीइतकेच जोर देते. प्रवासी मोटारींत टर्बो १९६२ साली आला. आपल्याकडच्या डिझेल गाड्यांत तो गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सर्रास झाला.

साध्या डिझेलला थ्रॉटलची झडपच नसे, म्हणून त्याच्या हवेच्या वाटेत पोकळीही नसे. ब्रेकसाठी वेगळा पंप लावावा लागे. टर्बो आल्यावर त्याच वाटेत दाब आला. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी नळ्या तेलाच्या वाफेने फुगतात, मऊ पडतात आणि बहुधा खालच्या अंगाला, जिथे नजर जात नाही तिथे, चिरतात. ही चीर एरवी मिटलेली असते, दाब चढला की ओठासारखी उघडते. मोजून घेतलेली हवा वाटेतच गळते, डिझेलला पुरेशी हवा मिळत नाही, मागून काळा धूर येतो आणि चढावर गाडी दम सोडते. म्हणजे एकाच फुसफुशीचे दोन उलटे परिणाम: आत शिरणारी हवा इंजिनाला इंधनाची उपाशी ठेवते, बाहेर पडणारी हवा त्याला इंधनाचे अजीर्ण करते.

'रस्त्यावर येतो, पण गॅरेजमध्ये आणला की आवाज येत नाही' ही मालकांची नेहमीची तक्रार असते आणि मालक बहुधा खरे बोलत असतो. उभ्या गाडीला नुसती रेस केली तर इंजिनावर ओझे नसते, टर्बो पुरता दाब चढवत नाही आणि चीर उघडतच नाही. म्हणून एकतर मिस्त्रीने शेजारी बसून चढावर फेरी मारायची, नाहीतर इंजिन बंद ठेवून हवेच्या वाटेचे तोंड टोपणाने बंद करायचे, कॉम्प्रेसरची हवा बेताच्या दाबाने आत सोडायची आणि जोडांवर साबणाचे पाणी लावायचे. जिथे फेस फुगेल तिथे गळती. त्याआधी नुसत्या बोटाने चाचपले तरी पुष्कळ कळते, कारण गळतीभोवती तेलकट धूळ साचलेली असते. चिरलेल्या नळीला चिकटपट्टी लावून भागत नाही, नळी बदलावी. क्लिप सैल असेल तर ती कसावी, पण अति कसली तर तीच रबर कापते. आणि टर्बो असलेल्या पेट्रोल गाडीत पाय काढल्यावर क्षणभर येणारा 'फुस्स' हा पुष्कळदा बिघाड नसतो. तिथे जादा हवा सोडून देणारी झडप काम करत असते. न्यूकोमेनच्या सुरसुरत्या झडपेची ती दूरची नातलग.

नोंद कोण करणार?

आजची गाडी स्वतःच हवा मोजते. मोजलेली हवा आणि जळलेले इंधन यांचा मेळ बसला नाही की दिवा लावते. स्कॅनर जोडला की 'मिश्रण विरळ' किंवा 'टर्बोचा दाब कमी' असे तो सांगतो. वॉट आणि सदर्न यांची पाटी इथवर पोचली याचा आनंदच आहे. पण स्कॅनर गळती आहे एवढे सांगतो. कोणत्या जोडात, कोणत्या अंगाला, हे सांगत नाही. तिथे अजून कान, बोट आणि साबणाचे पाणीच लागते. दिवा लागला की सेन्सर बदलायचा, नाही गेला तर टर्बो बदलायचा, अशी सवय लागली तर काही शे रुपयांच्या नळीचे काम हजारोंवर जाते आणि आवाज तसाच राहतो. हा भुर्दंड गिऱ्हाईक भरते.

आणखी एक नुकसान आहे, ते कुठल्याच बिलात येत नाही. गेरिकेने आपले पिंप तीन दिवस कसे किलबिलत होते ते लिहून ठेवले, म्हणून ते आज आपल्याला माहीत आहे. सुरसुरत्या झडपेला नाव देणाऱ्या खाणकामगाराचे स्वतःचे नाव कुणी लिहिले नाही. आपल्या गावोगावच्या गॅरेजांत, एसटीच्या कार्यशाळांत, लोकोशेडांत आवाजांसाठी किती शब्द घडले असतील! 'हवा घेतंय', 'हवा मारतंय', 'दम सोडलाय' हे तीन शब्दप्रयोग वरवर सारखे वाटतात, पण प्रत्येकाचा बिघाड वेगळा आणि इलाज वेगळा. ते वापरणारी पिढी आता निवृत्तीला आली आहे. तिच्यापैकी कित्येकांचे कान ज्या आवाजांनी शिकवले त्याच आवाजांनी अधूही केले आहेत. त्यांच्याकडून हे शब्द, त्यांच्या अर्थांसह, उतरवून घेण्याचे काम एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने किंवा आयटीआयने सहज करावे इतके ते लहान आहे आणि थांबण्याइतका वेळ त्याला उरलेला नाही.

विजेच्या गाड्या आल्या, आता या इंजिनपुराणाची गरज काय, असे कुणी विचारील. मुंबईत विजेवर चालणारी बस थांब्यावर उभी राहते तेव्हा इंजिनाचा आवाज येत नाही, पण दार उघडताना आणि ब्रेक सुटताना 'फुस्स' होते. तिच्या पोटात दाबाची हवा भरलेली असते आणि पन्नास माणसांचे ब्रेक त्या हवेवर अवलंबून असतात. बाकी सगळे शांत असल्यामुळे ही फुसफुस आता अधिक स्पष्ट ऐकू येते, गेरिकेला रात्री पिंपाची ऐकू आली होती तशी. ती ठरल्या वेळी येते आहे की नको तेव्हा, हवा कुठून निघते आहे आणि कुठे जाते आहे, हे डेपोतल्या कुणाला तरी ओळखता यावे लागेल.